आधी कागद, मग चॅटबॉट

वह्या तपासताना हल्ली मला लगेच कळतं. कालपर्यंत ज्याला त्वरण म्हणजे काय ते धड सांगता येत नव्हतं, त्याच्या वहीत आज ‘सर्वंकष दृष्टिकोनातून पाहता’ उगवलेलं असतं. मी रागवत नाही. वही मिटते आणि म्हणते, ‘आता हेच तुझ्या शब्दांत सांग.’ तिथे गाडी अडते.

मी फिजिक्स शिकवते आणि चॅटबॉट मीही रोज वापरते. त्यामुळे बंदीबिंदी काही सांगणार नाही. फक्त क्रम बदला.

हा प्रश्न घ्या: सरळ वर फेकलेला दगड सर्वांत उंच बिंदूवर पोहोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? फोन लांब ठेवून कागदावर उत्तर लिहा, कारणासकट. चुकलं तर उत्तमच. बरेच जण लिहितात, ‘शून्य, कारण दगड थांबलाय.’ आता चॅटबॉट उघडा आणि टाइप करा: ‘हा प्रश्न, हे माझं उत्तर, हे माझं कारण. बरोबर उत्तर सांगू नकोस. माझी चूक मलाच सापडेल असा एकच प्रश्न विचार.’

माझ्या एका विद्यार्थिनीला त्याने विचारलं, ‘त्या क्षणी वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असेल, तर दगड खाली कसा येईल?’ ती पेन्सिल चावत बसली. मग हळूच म्हणाली, ‘तो तिथेच लटकून राहील की!’ वेग शून्य, पण त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. हे तिने स्वतः खोडून लिहिलं. ‘एकच प्रश्न’ हे शब्द गाळू नका, नाहीतर तो अख्खा धडा ओततो.

दुसरं, त्याच्या होकाराला भुलू नका. मी एकदा बरोबर उत्तर मिळाल्यावर मुद्दाम म्हटलं, ‘छे, शून्यच असतं.’ लगेच माफी मागून पठ्ठ्या पलटला! लोकांना कुठलं उत्तर आवडतं यावरूनही या यंत्रांना शिकवलेलं असतं, आणि आपल्याला मान डोलावणारा आवडतो. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटीचा एक बदल फारच खुशामतखोर निघाला म्हणून ओपनएआयला मागे घ्यावा लागला. तेव्हा ‘माझं बरोबर आहे ना?’ असं विचारूच नका. ‘एका मुलाने हे लिहिलंय, चुका काढ’ म्हणा. तो मुलगा आपणच, हे त्याला कशाला सांगायचं?

प्रकल्पासाठी संदर्भ मागितलेत, तर प्रत्येक पुस्तक, प्रत्येक लेख स्वतः उघडून बघा. आधीच्या शब्दांवरून पुढचा शोभेलसा शब्द जुळवणं हे याचं मूळ काम. त्यात अस्तित्वातच नसलेलं पुस्तक पान क्रमांकासकट जुळून येऊ शकतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या अशाच काल्पनिक खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरायची वेळ आली. तुमचे फार तर गुण जातील.

परीक्षेआधी ‘या धड्याचा सारांश दे’ हा मोह होतो. सारांश वाचला की सगळं येतंय असं वाटतं, तोच घात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा उतारा वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून धड्याचा मजकूर त्याला द्या आणि म्हणा, ‘यावर एकेक प्रश्न विचार, माझं उत्तर आल्याशिवाय पुढचा नको.’ उत्तरं पुस्तक मिटून द्यायची, हे वेगळं सांगायला नको.

आणि वहीत उत्तराखाली पेन्सिलीने एक ओळ लिहा: चॅटबॉटला काय विचारलं. माझ्या वर्गात त्याचे गुण कापत नाही. बऱ्याचदा मी तीच ओळ आधी वाचते.