गैरसमज खोडून काढताना या चुका टाळा

पालकात प्रचंड लोह असतं, हा समज कसा पसरला याची एक गोष्ट मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो. एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या तक्त्यात दशांशचिन्ह एक घर सरकलं, पालकातलं लोह कागदावर दहापट झालं आणि ती चूक कित्येक दशकं कुणाला दिसलीच नाही, अशी ती गोष्ट. ऐकणाऱ्याला ती लगेच पटायची. मलाही पटली होती, म्हणून तर सांगत होतो.

पुढे कळलं की ही गोष्टच निराधार आहे. ती जगभर गेली ती टी. जे. हॅम्ब्लिन या ब्रिटिश डॉक्टरांच्या १९८१ सालच्या लेखातून. लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, पण या गोष्टीला त्यात एकही संदर्भ नव्हता. २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकांनी जुने कागद तपासत मुळापर्यंत जायचा प्रयत्न केला, तेव्हा सरकलेल्या दशांशचिन्हाचा पुरावा त्यांना कुठेच मिळाला नाही.

मूळ समज चुकीचा आहे, यात बदल होत नाही. ताज्या पालकात शंभर ग्रॅमला साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. पण समज खोडायला मी जे हत्यार उचललं होतं, तेही ऐकीवच होतं. माझ्या मते चिकित्सक माणसाची सगळ्यात मोठी चूक ही आहे. न पटणाऱ्या दाव्याला आपण दहा प्रश्न विचारतो आणि तो दावा खोडणाऱ्याला एकही विचारत नाही. ‘हे खोटं आहे’ हादेखील एक दावाच असतो. तो कुणी केला, कशाच्या आधारावर केला, मूळ नोंद कुठे आहे, हे सगळं त्यालाही विचारायला हवं. खंडन जितकं चटकदार, तितकं जास्त विचारायला हवं, कारण चटकदार गोष्ट न तपासताच पुढे जाते.

‘खोटं’ म्हटलं की काम संपलं असं समजणं

पृथ्वीच्या फिरण्यामुळे बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेनं आणि दक्षिण गोलार्धात उलट्या दिशेनं गरगरत जातं, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. त्यावर ‘छे, पृथ्वीच्या फिरण्याचा पाण्यावर काही परिणाम होत नाही’ असं उत्तर दिलं जातं. दोन्ही बाजू चुकतात.

१९६२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅशर शपिरो या अभियंत्यांनी सुमारे सहा फूट रुंदीच्या गोल टाकीत पाणी भरून ते २४ तास अजिबात हलू दिलं नाही. मग तळाचं छोटं बूच काळजीपूर्वक काढलं. सुरुवातीला काहीच दिसलं नाही, पण बऱ्याच मिनिटांनी पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरू लागलं. १९६५ मध्ये दक्षिण गोलार्धातल्या सिडनीत असाच प्रयोग झाला, तिथे पाणी काट्यांच्या दिशेनं फिरलं. परिणाम खरा आहे, फक्त अतिशय क्षीण आहे. घरच्या बेसिनमध्ये भांड्याचा आकार, नळाची धार आणि पाण्यात आधीच असलेली हालचाल त्याला सहज गिळून टाकते.

‘होतं की नाही’ याच्या पुढे जाऊन ‘किती होतं आणि कोणत्या परिस्थितीत’ हे विचारलं की अनेक वाद तिथेच सुटतात. सरसकट ‘थोतांड’ म्हणून मोकळं झालं, तर एखादा जाणकार तो प्रयोग समोर ठेवतो आणि आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

फक्त होकार शोधणं

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये एक साधा खेळ मांडला. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी आकडे सुचवा, ते बसतात की नाही ते सांगितलं जाईल, त्यावरून नियम ओळखा. बहुतेक लोक ८, १०, १२ असे आकडे देत राहिले. दर वेळी ‘बसतात’ असं ऐकून त्यांनी दोन-दोननं वाढणारे आकडे हाच नियम ठरवला. खरा नियम फक्त ‘चढत्या क्रमाचे कोणतेही आकडे’ एवढाच होता. १, ७, ३० किंवा ६, ४, २ असं काही देऊन आपलीच कल्पना मोडायचा प्रयत्न केला असता, तर तो हाती लागला असता.

शोधताना आपण नेमकं हेच करतो. ‘अमुक गोष्ट कशी खोटी’ असं शोधलं की ती खोटी म्हणणारेच सापडतात. तपासायला बसण्याआधी स्वतःला विचारावं, की काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती तपासणीच नव्हे.

‘अशक्य’ म्हणून दार लावून घेणं

आकाशातून दगड पडतात, असं खेडूत शतकानुशतकं सांगत होते. अठराव्या शतकातल्या बऱ्याच विद्वानांनी ती अंधश्रद्धा ठरवली. आकाशात दगडच नाहीत, तर पडतील कुठून? युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी हे दगड अवकाशातून येतात असं मांडलं, तेव्हा फार थोड्यांनी ऐकून घेतलं.

मग २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. चौकशीला ज्याँ-बाप्तिस्त बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञांना पाठवलं गेलं. त्यांनी केलेलं काम मला चिकित्सेचा उत्तम नमुना वाटतं. त्यांनी गावोगाव फिरून निरनिराळ्या थरांतल्या, एकमेकांशी संगनमत करायचं कारण नसलेल्या माणसांच्या साक्षी घेतल्या. त्या परिसरातल्या खडकांत आणि भट्ट्यांच्या मळीत तसे दगड आधी कुठे आढळतात का, हेही पाहिलं. तसे कुठेच नव्हते. साक्षी आणि दगड दोन्ही एकच सांगत होते. त्यांच्या अहवालानंतर विरोध हळूहळू मावळला.

खेडूतांवर डोळे झाकून विश्वास ठेवायला हवा होता, असं मी म्हणत नाही. ‘अजून पुरावा नाही’ आणि ‘हे होऊच शकत नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि विद्वानांनी दुसरं उच्चारलं.

कावळा बसला, फांदी तुटली

एखाद-दुसऱ्या अनुभवावरून कारण ठरवून टाकण्याची ही चूक सगळ्यांना ठाऊक असते, तरी खंडन करणारेही तीत सापडतात. बोटं मोडल्यानं संधिवात होतो का, हे पाहायला डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही. चिकाटीला सलाम, पण हा एका माणसाचा अनुभव आहे. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून एकट्या अनुभवाला पुरावा म्हणायचं नाही. उद्या समोरचाही त्याच्या काकांचा अनुभव सांगेल.

‘सांगून उपयोग नाही’ असं गृहीत धरणं

चूक दाखवली की लोक उलट तीच घट्ट धरतात, असं आजकाल खूप ऐकू येतं. २०१० च्या एका अभ्यासात काही प्रश्नांवर तसं दिसलं होतं. पण वुड आणि पोर्टर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला, की असा उलटा परिणाम जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे समोरचा माणूस पालथा घडा आहे, हाही आपलाच एक गैरसमज ठरतो. नीट सांगितलं तर बहुतेक जण थोडं तरी सरकतात.

नीट म्हणजे कसं, हे साखरेच्या उदाहरणावरून सांगतो. गोड खाल्लं की मुलं उधळतात, असं अनेक पालकांना वाटतं. १९९४ च्या एका प्रयोगात सगळ्या मुलांना साखर नसलेलं पेय दिलं होतं, पण निम्म्या आयांना ‘साखर दिली आहे’ असं सांगितलं. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. पण हे एखाद्या आईला ‘तुझा भास आहे’ म्हणून सांगू नका. वाढदिवसाला मुलं धिंगाणा घालतात, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ते खरंच असतं. तिथे दहा-बारा मुलं एकत्र असतात, खेळ असतात, झोपेची वेळ टळलेली असते आणि केकही असतो. धिंगाणा तिथून येतो हे सांगा, मग प्रयोगाकडे वळा.