मासा मोजला, नदी विसरली: सॅमन मासेमारीच्या व्यवस्थापनात या चुका टाळा

मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मासा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जातो, तो आपला रावस. चवीला झकास, पण सॅमनशी त्याचं नातं नावापुरतंच. स्वभावाने सॅमनच्या जवळचा मासा आपल्याकडे शोधायचा तर पाल्याकडे, म्हणजे हिलसाकडे, बघावं लागेल. तोही समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदी चढतो. फरक हा की पॅसिफिक महासागरातला सॅमन एकदाच नदी चढतो, अंडी घालतो आणि तिथेच मरतो.

त्याच्या मासेमारीचे नियम आखताना झालेल्या बहुतेक मोठ्या चुका या ‘एकदाच’चा विसर पडल्याने झाल्या आहेत. खालची उदाहरणं अलास्का, ब्रिटिश कोलंबिया आणि कॅलिफोर्नियातली आहेत, कारण कोटा, बायकॅच (दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या जाळ्यात चुकून आलेला मासा) आणि नदी या तिन्हींचं गणित तिथे रोज मांडावं लागतं.

पकडीचा आकडा आधी ठरवून बसणं

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातल्या पोलॉक माशाला वार्षिक कोटा शोभतो. तो वर्षानुवर्षं समुद्रातच असतो, सर्वेक्षणाची जहाजं जाळं ओढून त्याच्या साठ्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून किती टन काढायचे ते ठरतं. अलीकडे हा आकडा १३ लाख टनांच्या आसपास असतो. यंदा न पकडलेला पोलॉक पुढच्या वर्षी बराचसा तिथेच सापडतो.

सॅमनचं तसं नाही. यंदा नदीच्या तोंडाशी आलेला मासा पुढच्या वर्षी नसणारच. त्यामुळे आधी ठरवायचा तो जाळ्यात किती यावेत याचा आकडा नव्हे, जाळ्यांतून निसटून नदीत किती पोचावेत याचा. तिकडे याला एस्केपमेंट म्हणतात. अलास्काच्या ब्रिस्टल बे भागातल्या क्विचॅक नदीसाठी हे लक्ष्य २० लाख ते १ कोटी सॉकाय सॅमन असं आहे. मोजणीची पद्धत ऐकून हसू येईल इतकी साधी आहे. नदीकाठी मनोरे उभारलेले असतात. माणूस वर चढतो, दर तासाला दहा मिनिटं खालून जाणारे मासे मोजतो आणि आकड्याला सहाने गुणतो. मग तेच दुसऱ्या काठावर. तो आकडा स्थानिक जीवशास्त्रज्ञाकडे जातो आणि तो तातडीचा आदेश काढून काही तासांसाठी मासेमारी उघडतो किंवा बंद करतो. या माणसाला मंत्रालयाची परवानगी आणायला धावावं लागत नाही, आणि माझ्या मते मनोऱ्याइतकंच महत्त्व या अधिकाराला आहे.

२०२२ मध्ये ब्रिस्टल बेत सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय आले आणि त्यांतले सुमारे ६ कोटी पकडले गेले. एवढी पकड होऊनही नद्यांना त्यांचा वाटा मिळाला. हाच ६ कोटींचा आकडा कोटा म्हणून पुढच्या एखाद्या दुबळ्या वर्षावर लादला तर नद्या कोरड्याच पडतील.

आता यातली खरी अडचण. जुलैचा पहिला आठवडा आहे, हंगाम ऐन भरात असायला हवा, आणि मनोऱ्यावरचे आकडे मात्र नेहमीच्या निम्मे. मासे कमी आहेत की उशिरा येताहेत? त्या दिवशी दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो, आणि चुकीचं निदान दोन्हीकडून महागात पडतं. उशीर समजून जाळी चालू ठेवली आणि मासे खरंच कमी निघाले तर पुढची पिढी गेली. कमी समजून बंद ठेवलं आणि मागून लोंढा आला तर होड्या धक्क्यावर आणि मासळी नदीत. अशा वेळी एकट्या मनोऱ्याकडे बघत बसू नये. किनाऱ्यापासून दूर पोर्ट मोलरजवळ चाचणीची जाळी टाकली जातात आणि तिथला सॉकाय साधारण आठवडाभराने उपसागरात पोचतो, त्यामुळे तिथली पकड आधी बघावी. शेजारच्या नद्यांवरही तसंच चाललंय का ते विचारावं. आलेल्या माशांची वयं तपासावीत, कारण एखादा वयोगटच गायब असेल तर तो उशीर नव्हे. आणि वारा बघावा. मासे कधी कधी उपसागरात घुटमळत राहतात आणि मग एकाच भरतीबरोबर आत शिरतात. उत्तर मिळेपर्यंत दार बंद, हा तिथला रिवाज आहे. उघडायला उशीर झाला तर एका हंगामाचं नुकसान होतं.

हंगामापूर्वीचा अंदाज छापील सत्य मानणं

२००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीत १ कोटीहून जास्त सॉकाय येतील असा अंदाज होता. आले सुमारे १५ लाख. कॅनडा सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचं काम चालू असतानाच २०१० मध्ये त्याच नदीत जवळपास ३ कोटी मासे आले. २०१२ च्या अहवालात आयोगाने एकच एक गुन्हेगार दाखवला नाही, दाखवण्यासारखा नव्हताही.

अंदाज बांधणारे अडाणी नव्हते. आई-बापांची संख्या माहीत असते. समुद्रात दोन-तीन वर्षं पिल्लांचं काय झालं ते माहीत नसतं, आणि अंदाजातली बहुतेक चूक तिथे दडलेली असते. म्हणून अंदाजाचा वापर होड्या, बर्फ आणि कारखान्यातली माणसं ठरवण्यापुरता करावा. जाळी टाकायची की नाही, ते हंगामातल्या मोजणीवर सोडावं.

एक इशारा मात्र ऐकावा. काही नर वर्षभर आधीच, लहान असतानाच नदीत परततात. त्यांना जॅक म्हणतात. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो नदीत जॅकची संख्या अगदी तळाला गेली. पुढच्या वर्षी मोठे मासे येणार नाहीत हे त्यावरून दिसलं, आणि २००८ व २००९ मध्ये तिथली समुद्रातली व्यापारी सॅमन मासेमारी बंद ठेवली गेली.

बायकॅचची मर्यादा म्हणजे हक्काचा कोटा समजणं

आता पोलॉककडे परत येऊ. पोलॉकच्या जाळ्यात चिनूक सॅमनही येतो. एकूण पकडीच्या मानाने तो नगण्य, पण पश्चिम अलास्कातल्या युकॉन आणि कुस्कोक्विम नद्यांच्या मानाने नगण्य मुळीच नाही. हा बायकॅच बोटीला विकता येत नाही. विकता आला असता तर तो ‘चुकून’ येणं वाढलं असतं, हे सांगायला तज्ज्ञ नको. मोजून झाल्यावर तो टाकून द्यायचा, किंवा अन्नदानासाठी द्यायचा.

सुरुवातीचा उपाय नकाशाचा होता. सॅमन जास्त सापडणारा भाग आखून ठेवला, आणि ठरावीक आकडा ओलांडला की तो बंद. पण नकाशा स्थिर होता आणि सॅमन फिरता. ट्रॉलर रेषेबाहेर गेले आणि तिथे त्यांना आणखी सॅमन लागला. २००७ मध्ये पोलॉकच्या जाळ्यांत १ लाख २० हजारांवर चिनूक आले.

२०११ पासून नवी रचना आली. ६०,००० चिनूकची कमाल मर्यादा, ती गाठली की जाळी वर. पण तेवढ्यावर थांबले असते तर जुनीच गंमत झाली असती: मर्यादा सगळ्यांची मिळून, म्हणजे सावधपणे जाळं टाकणाऱ्याला बक्षीस नाही आणि बेफिकीर शेजारी त्याचाही वाटा खाऊन जाणार. म्हणून मर्यादा गटांत वाटली आणि तिच्या खाली ४७,५९१ चा दुसरा आकडा ठेवला. एखाद्या गटाने सात वर्षांत तीनदा त्यातला आपला वाटा ओलांडला तर त्याला कायमचं खालच्या आकड्यावर आणलं जातं. शिवाय कोणत्या बोटीला किती सॅमन लागला ते ताफ्यात सगळ्यांना कळतं, आणि जिथे जास्त लागतो ते ठिकाण काही दिवसांसाठी बंद होतं, नकाशा हलता ठेवून. २०१६ मध्ये आणखी एक पायरी आली. पश्चिम अलास्कातल्या ठरावीक तीन नद्यांतल्या चिनूकची एकत्रित संख्या अडीच लाखांवर गेली नाही तर हे आकडे ४५,००० आणि ३३,३१८ वर उतरतात.

मर्यादेपर्यंत जाता येतं म्हणून जायचं, हा हिशोब कागदावर चुकीचा वाटत नाही. पण मर्यादा छताची असते, आणि छताला डोकं लावून चालणाऱ्याला एक वाईट आठवडा पुरतो. पोलॉकचा दुसरा हंगाम जूनपासून १ नोव्हेंबरपर्यंत असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिनूकचं प्रमाण चढतं. पोलॉकचा उरलेला कोटा शेवटच्या आठवड्यांवर ढकलणारा बोटमालक ही आफत स्वतःच ओढवून घेतो. बायकॅच अचानक वाढला तर आधी तारीख बघा, मग जाळं.

जाळ्याचंही बघायला हवंच. ट्रॉलच्या वरच्या बाजूला सॅमन बाहेर पडावा म्हणून वाट ठेवतात. चिनूक पोहायला जोरकस, तो प्रवाहाविरुद्ध पुढे येऊन निसटतो. पोलॉक दमून मागे जातो. ही युक्ती चालते, पण त्या वाटेचं जाळीचं कापड पाण्यात नीट उभं राहिलं तरच. बसवल्यानंतर पाण्याखाली कॅमेरा न लावता ‘आमच्याकडे आहे ते’ म्हणून सांगणं म्हणजे हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवणं. आणि चिनूकवर चाललेली युक्ती चम सॅमनवर तितकी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

दुर्मीळ मासा टोपलीभर नमुन्यावरून मोजणं

शंभर टनांच्या ओढीतून दोन-चार टोपल्या काढल्या, त्यांत एक सॅमन दिसला, की गुणाकार करून शेकडो. दिसला नाही तर शून्य. दोन्ही आकडे निरुपयोगी. भरपूर असलेल्या माशाला नमुना पुरतो. दुर्मीळ माशाची मोजणी करायची तर एकेक मासा मोजावा लागतो, आणि २०११ नंतर पोलॉकच्या ताफ्यात तेच होतं: बोटींवर निरीक्षक, मोजणी होईपर्यंत सॅमन बाजूला ठेवणं सक्तीचं, त्यावर कॅमेरा. खर्चिक आहे. पण ज्या मर्यादेवर बोटीचा हंगाम थांबतो, तिचा आकडा गुणाकारातून आला तर भांडण कधी मिटतच नाही.

(आपल्या किनाऱ्यावर माशागणिक कोटा नाही. पावसाळी बंदी, जाळ्याच्या आसाचे नियम आणि २०२३ पासून महाराष्ट्रात ५४ जातींसाठी किमान आकार, यांवर काम चालतं. जाळ्यात येणारी बारीकसारीक मासळी (कुटी) मोजायची वेळ आलीच तर हा धडा कामी येईल.)

सोडला म्हणजे वाचला असं धरणं

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अंडी उबवणी केंद्रातल्या सॅमनचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. पर नसलेला ठेवायचा, असलेला, म्हणजे बहुधा रानचा, सोडायचा. छान. पण गळाने जखमी झालेला मासा सोडला तरी त्यांतले काही मरतात, आणि व्यापारी गळमासेमारीसाठी हे प्रमाण हिशोबात साधारण चौथा हिस्सा धरलं जातं. सोडलेल्यांचा रकाना कोरा ठेवणारा व्यवस्थापक आपल्याच पकडीचा एक भाग लपवतो.

माशाची नदी न विचारता भांडणं

२०२१ मध्ये पोलॉकच्या जाळ्यांत ५ लाख ४० हजारांवर चम सॅमन आले. त्याच वर्षी युकॉन नदीवर चम इतका कमी आला की घरी खाण्यापुरती मासेमारीही बंद करावी लागली. हिवाळ्यासाठी मासे वाळवायचे सांगाडे रिकामे राहिले. नदीकाठच्या आदिवासी गावांचा संताप समजण्यासारखाच होता.

मग आनुवंशिक तपासणीचे निकाल आले. जाळ्यांतले बहुसंख्य चम आशियातले, त्यांतलेही पुष्कळ तिकडच्या उबवणी केंद्रांतले. पश्चिम अलास्काच्या किनारी नद्यांचे दहाव्या हिश्श्याहून थोडे कमी. यावर ट्रॉलरवाले म्हणाले, बघा, आमचा दोष नाही. गावं म्हणाली, दहावा हिस्सा म्हणजेही पन्नास हजार मासे. मला दोन्ही बाजूंची घाई खटकते. एकूण आकड्यात नदी दिसत नाही आणि टक्केवारीत त्या नदीत किती उरलेत ते दिसत नाही. पन्नास हजार मासे भरल्या वर्षी खपून जातात, पण मोडलेल्या वर्षी तेवढेच एखाद्या उपनदीचं बी असू शकतं. त्यात जाळ्यात आलेला प्रत्येक मासा त्याच वर्षी नदीत आला असता असंही नाही. काही दोन वर्षांनी आले असते, काही वाटेतच मेले असते, आणि त्याचा वेगळा हिशोब करावा लागतो. शिवाय त्याआधीच्या काही वर्षांत बेरिंग समुद्र आणि उत्तर पॅसिफिक असामान्य तापले होते आणि चमची पिल्लं अर्धपोटी हिवाळ्यात शिरत होती, अशी संशोधकांची निरीक्षणं आहेत. याला बायकॅचची कोणतीही मर्यादा पुरणार नाही, आणि म्हणून मर्यादा सैल करावी असंही त्यातून निघत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनवरची चिनूकची मासेमारी सात वर्षं, म्हणजे माशाचं एक पूर्ण आयुष्यचक्र, थांबवायचं ठरवलं. कॅनडाच्या हद्दीत ७१,००० चिनूक पोचावेत हे लक्ष्य आहे. तोपर्यंत नदीकाठच्या घरांना समारंभापुरते थोडे मासे मिळाले तर मिळाले. समुद्रात पोलॉकच्या ताफ्यासाठी, नद्यांची अवस्था सर्वांत वाईट असतानाही, चिनूकची कमाल मर्यादा ४५,००० आहे. ताफा सहसा तिच्या बराच खाली राहतो. तरी गावातल्या बैठकीत हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात, आणि पुढचा प्रश्न प्रत्येक वेळी तोच असतो: त्या जाळ्यांतले आमच्या नदीचे किती?