न दिसणाऱ्या वस्तूचं माप गोट्या सोडून कसं काढायचं

रुदरफोर्डचा विकिरण प्रयोग, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून ते कुठे वळतात ते मोजणं, पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेला असतो, पण नुसतं मोजून न दिसणाऱ्या गोष्टीचं माप कसं निघतं हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, मग डोक्यात पक्कं बसतं.

एक मोठा पुठ्ठा दोन्ही कडांना पुस्तकं ठेवून उचलून धरा, खाली मित्राला एक जड गोल डबा ठेवायला सांगा, तुम्ही अजिबात बघायचं नाही. आता समोरून गोट्या सोडायच्या, सगळ्या रुंदीभर, कुठूनही, नेम न धरता, कारण नेम धरला की पुढचं गणित फुकट जातं. सरळ गेलेल्या गोट्यापण मोजायच्या हं, बरेच जण फक्त आपटलेल्या लिहितात आणि तिथेच फसतात. समजा रुंदी ६० सेंमी, गोट्या २००, त्यातल्या ३० आपटल्या. ६० × ३० ÷ २०० = ९ सेंमी. यातून गोटीचा व्यास १.५ सेंमी वजा करा, डबा ७.५ सेंमीचा.

मँचेस्टरला १९०९ मध्ये रुदरफोर्डचे सहकारी गायगर आणि विशीतला मार्सडेन अशीच मोजणी करत होते. अंधारात बसून, मायक्रोस्कोपला डोळा लावून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (दोन प्रोटॉनचा धनभार असलेला बारीक कण) आदळला की उठणारी बारीकशी चमक, एकेक करून मोजायची. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण ८००० मधला एक कण मागे फिरला. वाटतं किती कमी! पण त्याआधीच्या, थॉमसनच्या अणू-मॉडेलमध्ये धनभार अणूभर पसरलेला, म्हणजे प्रत्येक अणूकडून मिळणारा धक्का अगदी हलका आणि कधी या दिशेला कधी त्या, असे धक्के साठून कण मागे वळायची शक्यता जवळपास शून्यच, त्यापुढे ८००० मध्ये एक हा आकडा प्रचंड आहे. मला तर या सगळ्यात हाच आकडा सगळ्यात भारी वाटतो. १९११ ला रुदरफोर्डने यावरूनच धनभार मधोमध एवढ्याशा जागेत, म्हणजे केंद्रकात, बसवला.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, अल्फा कण गोटीसारखा आपटत नाही, धनभार त्याला लांबूनच ढकलतो. तो किती जवळ जाऊन थांबतो ते काढायचं तर ७.७ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचा कण आणि सोन्याचे ७९ प्रोटॉन घ्या: १.४४ × २ × ७९ ÷ ७.७ (१.४४ हा या एककांतला विद्युत बलाचा स्थिरांक, २ हा अल्फाचा भार), म्हणजे साधारण ३० फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). सोन्याचा अख्खा अणू जवळपास ३ लाख फेम्टोमीटर रुंद, आणि केंद्रक या ३० च्याही आत कुठेतरी.

मॉडेल खरं का हे बघायचं तर कण किती अंशांनी वळले तो कोन बदलून मोजा. रुदरफोर्डच्या सूत्राने ६० अंशाला १२० च्या ९ पट चमका दिसायला हव्यात. गायगर-मार्सडेननी १९१३ मध्ये असे कितीतरी कोन तपासले, मोजणी सूत्राशी जुळली.