डिझेल टँकरवरील मीटर मध्येच बंद पडत असल्यास आधी अर्थिंग तपासा

नवी मुंबई परिसरातील तळोजा किंवा महापे औद्योगिक वसाहतीत डिझेल पोहोचवणाऱ्या टँकरवरील डिझेल मोजणारे इलेक्ट्रॉनिक मीटर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) उघडताच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर सर्किट बोर्ड बदलण्याची घाई करू नये. पहिला संशय अर्थिंगच्या जोडणीवर घ्यावा, कारण खाडीकाठच्या दमट, खारट हवेत चासीवरील लगच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट थर चढतो आणि वरून नट घट्ट दिसत असला तरी आत विद्युतप्रवाहाला अडथळा होत राहतो.

साधा मल्टिमीटर स्फोटरोधक नसतो. म्हणून तपासणी डिझेल भरण्या-उतरवण्याच्या जागेपासून दूर, हवेशीर ठिकाणी, टाकीची झाकणे बंद ठेवूनच करावी. यात तडजोड नको.

भार नसताना, म्हणजे सोलेनॉइड बंद असताना, २४ व्होल्ट पूर्ण दिसतात आणि तिथेच फसगत होते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी मीटरच्या ऋण टर्मिनलवर ठेवून, सोलेनॉइड चालू असताना मोजमाप घ्यावे. ते सुमारे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर बॅटरीची जोडणी सोडवून लग आणि चासीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, मग घट्ट बसवून वर ग्रीस लावावे. धन बाजूचा फ्यूज-होल्डरही याच रीतीने तपासावा.

पुरवठा ठीक असूनही आकडे उड्या मारत असतील, तर पल्सरची (डिझेलच्या प्रवाहानुसार मीटरला विद्युत स्पंद पाठवणाऱ्या भागाची) केबल आणि तिचे शील्ड, म्हणजे तारांभोवतीचे धातूचे आवरण, पाहावे. मात्र वैधमापन (वजन-मापे) विभागाचे सील तोडू नये; ते काढावे लागणारे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे आणि त्यानंतर मीटरची फेरपडताळणी करून घ्यावी.