उन्नत रस्त्याच्या आराखड्यावर हरकत घेण्याआधीची तयारी

जाहीर सूचना कोणत्या कायद्याखाली निघाली आहे, हे सगळ्यात आधी पाहा. मुदत किती, ऐकणार कोण आणि मागायचं काय, हे सगळं त्यावर ठरतं. विकास आराखड्यातली रस्त्याची आखणी बदलत असेल तर बहुतेकदा नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लागतं. एक महिन्याची मुदत, हरकत कोणीही घेऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जात असेल तर १९५६ च्या कायद्याचं कलम ३-सी, मुदत फक्त २१ दिवस, आणि तिथे जमिनीत हितसंबंध असलेल्यांचंच ऐकलं जातं. शेजारच्या सोसायटीने धुळीबद्दल केलेला अर्ज तिथे सरळ दप्तरी दाखल होतो.

खरी अडचण येते ती सध्याच्याच महामार्गाच्या डोक्यावर उन्नत (खांबांवरचा) रस्ता येतो तेव्हा. नवी जमीन लागत नाही, पर्यावरणाची जनसुनावणी सहसा होत नाही, आणि औपचारिक दार म्हणून बऱ्याचदा वृक्षतोडीची नोटीस तेवढी उरते. छेडानगर ते ठाण्याचं आनंदनगर या एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) मार्गावर २०२५ मध्ये हेच दिसलं. विक्रोळी-घाटकोपर पट्ट्यातल्या पिंक ट्रम्पेटच्या (गुलाबी फुलांच्या) झाडांवरून लोक उठले, आणि आराखडा बदलून त्यांतली १२७ झाडं वाचवत असल्याचं एमएमआरडीएने जाहीर केलं. रस्ता होतोच आहे. म्हणून ‘प्रकल्प रद्द करा’ एवढंच लिहू नका. खांबांमधलं अंतर वाढवता येईल का, पायासाठी पाइलच्या (जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांच्या) गटाऐवजी एकच मोठा पाइल चालेल का, असं विचारा. इंजिनिअरला उत्तर द्यावंच लागतं असे हे प्रश्न आहेत.

नकाशे हातात असल्याशिवाय हे जमत नाही. साखळी क्रमांकासह (चेनेज, म्हणजे सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) प्लॅन, आडवे छेद (रस्ता आडवा कापल्यावर दिसेल तसं चित्र) आणि सविस्तर प्रकल्प अहवालातलं वाहतुकीचं प्रकरण, एवढं हवंच. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे हरकतीची मुदत उलटून गेलेली असते. प्रकल्पाचा सल्लागार नेमल्याची बातमी आली की तेव्हाच अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे तीन कागदांसाठी तीन अर्ज, प्रत्येकी १० रुपये.

वाहतुकीचं प्रकरण आलं की आकड्यांच्या एककाकडे बघा. आयआरसी:१०६ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) प्रमाणे रस्त्यावरची वाहनं ‘कार’च्या मापात मोजतात: कार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, बस २.२ ते ३.७. म्हणजे पन्नास माणसं नेणारी बस साडेतीन गाड्यांइतकीही अडचण ठरू शकते, आणि पायी चालणारा तर हिशोबातच नाही. यावर उपाय स्वतःची मोजणी. मंगळवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. वाहनं नव्हे तर माणसं मोजा, आणि रस्ता ओलांडणारी वेगळी. सुट्टीच्या आठवड्यातली मोजणी सुनावणीत एका वाक्यात उडवली जाते.

पुलापेक्षा रॅम्पकडे (चढ-उताराच्या भागाकडे) जास्त लक्ष द्या. बहुतेक आराखडे तिथेच फसतात. खालून ५.५ मीटर मोकळी उंची आणि वर गर्डरची (रस्ता पेलणाऱ्या तुळईची) जाडी धरली तर वरचा रस्ता सातेक मीटरवर जातो. १:३० च्या चढाने तिथे पोहोचायला २१० मीटर लागतात. एवढ्या लांबीत रस्ता ओलांडता येत नाही. त्या छेदात खाली किती मार्गिका उरतात, बसथांबा कुठे सरकतो, पदपथ १.८ मीटर मोकळा राहतो का (विजेचे डीपी बॉक्स आणि खांब वजा करून), हे टेप घेऊन मोजा. उतरणाऱ्या गाड्या पुढच्या कोणत्या सिग्नलवर साचणार, तेही लिहा. मेट्रोची आखणी आड येते का ते विचाराच: पुण्यात विद्यापीठ चौकातले पूल त्यापायी २०२० मध्ये पाडावे लागले.

झाडांसाठी प्रत्येकाचा क्रमांक, छातीच्या उंचीवरचा घेर आणि फोटो. झाडांची संख्या कमी दिसावी म्हणून एकच प्रस्ताव तुकड्यांत मांडलाय का, हे तपासा.

हरकत एका पानाची ठेवा: साखळी क्रमांक, काय बिघडतं, पर्याय काय. शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे लिहा. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या की ती बहुधा एकच हरकत धरली जाते; गल्लीनिहाय वेगळी पत्रं जास्त मोजली जातात. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि सुनावणीनंतर सुधारित नकाशाचा क्रमांक व तारीख लेखी मागा.