केंटकीतले जुने जमीन-दावे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेतलं आजचं केंटकी राज्य तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होतं. व्हर्जिनियाने १७७९ साली जमीन कायदा केला आणि केंटकीत आधीच येऊन वसलेल्यांचे दावे ऐकायला आयोग पाठवला. त्याच ऑक्टोबरात सेंट असाफच्या गढीत सुनावणी सुरू झाली. तिथल्या प्रमाणपत्रालाच मालकी समजणं ही सर्वांत मोठी चूक. प्रमाणपत्राने फक्त हक्क मान्य होई. पुढे मोजणीदाराकडे जागेची नोंद, मग मोजणी, शेवटी सनद. मधली पायरी चुकली की जमीन दुसऱ्याची. केंटकीत वस्ती वसवणाऱ्या प्रसिद्ध डॅनियल बूनच्याही बऱ्याच जमिनी सदोष कागदांपायी हातच्या गेल्या.

आकडे नीट वाचा. १ जानेवारी १७७८ पूर्वी वर्षभर राहिलेल्याला किंवा मक्याचं पीक घेतलेल्याला ४०० एकर मिळत आणि लगतचे १,००० एकर विकत घेण्याचा अग्रहक्कही. नुसतं झोपडं उभारून झाडांवर खुणा करणाऱ्याला मात्र अग्रहक्कच. त्यामुळे कागदावर फक्त १,००० एकर दिसले, तर कुटुंब तिथे राहत होतं असं लिहू नका.

खरा ऐवज पुढच्या हद्दींच्या वादांतल्या जबान्यांत आहे. ‘त्या झऱ्याला तेव्हा सगळे याच नावाने ओळखत’ हे वाक्य साक्षीदार पुनःपुन्हा सांगतात आणि वाचणारे ते पाल्हाळ म्हणून सोडून देतात. अख्खा खटला त्याच वाक्यावर उभा असे. नोंदीतल्या खुणांवरून परक्या माणसालाही जागा सापडली पाहिजे, असा दंडक होता. खूण कोणालाच ठाऊक नसेल तर नोंद बाद. म्हणून प्रत्येक जबानीत तीन गोष्टी शोधा: साक्षीदाराने स्वतः पाहिलं की ऐकलं, कोणत्या वर्षी, आणि शेजारच्या जमिनीत त्याचा स्वतःचा हितसंबंध आहे का. जबानीची तारीख म्हणजे घटनेची तारीख नव्हे; मध्ये कित्येकदा वीस-वीस वर्षं गेलेली असतात. साक्षीदाराचं वयही अंदाजेच धरा.

मोजणीतल्या दिशा-अंतरांवरून नकाशा काढताना लक्षात ठेवा: अंतरं ‘पोल’ या मापात असतात; एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोल म्हणजे एक मैल. आकृती मिटत नसेल, म्हणजे शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळत नसेल, तर आधी उत्तर-दक्षिणेची अदलाबदल आणि गाळलेली ओळ तपासा. आकडे बदलू नका. दिशा होकायंत्राच्या आहेत. चुंबकीय उत्तर सरकत असते, म्हणून आजच्या नकाशावर आकृती थोडी फिरवावी लागते.

सनदेवर वेगळंच नाव दिसलं, तर दावा विकला गेला होता का किंवा वारसाकडे गेला होता का, ते आधी पाहा. केंटकी परगण्याचे १७८० मध्ये जेफरसन, लिंकन आणि फेयेट असे तीन तुकडे झाले. तेव्हा एका दप्तरात नाव सापडलं नाही, तर उरलेली दोन्हीही उघडा.