सरावाला गाणी, शर्यतीला मोकळे कान

वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमात स्पर्धेच्या जागेत मोबाईल, रेडिओ किंवा तसलं उपकरण जवळ बाळगणं हीसुद्धा बाहेरची मदत धरतात. म्हणजे गाणी ऐकत पळणं सोडाच, खिशातला बंद मोबाईलही चालत नाही. आधी ताकीद मिळते, पुन्हा सापडलात तर बाद. हौशी रोड रेसमध्ये आयोजक बऱ्याचदा सूट देतात. बक्षिसाच्या गटात उतरणार असाल तर फॉर्मवरचे नियम वाचूनच पैसे भरा.

नियम आम्हाला रास्त वाटतो. ठरावीक ठेक्याचं गाणं म्हणजे कानात बसवलेला वेग आहे, आणि फोनवरून कोचही बोलू शकतो. रस्त्याकडेला हलगी वाजली तर ती सगळ्यांनाच ऐकू येते, त्याला कुणाची हरकत नाही.

सरावात मात्र गाण्यांचा उपयोग करून घ्या. सहज वेगात पळताना उजवं पाऊल 30 सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा आणि 4 ने गुणा. 41 आलं तर मिनिटाला 164 पावलं. आता गाणं शोधा: 15 सेकंदांतले ठोके मोजून 4 ने गुणायचे. 164 च्या आसपासचं गाणं सहसा सापडत नाही, 82 च्या जवळपासचं घ्या, दर ठोक्याला दोन पावलं पडतील. पावलं वाढवायची असतील तर एका वेळी 5 टक्क्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर पोटऱ्या धरतात. ही गाणी वॉर्मअपला आणि सावकाश पळताना लावा. दमवणाऱ्या इंटरव्हलला (जोरात पळणं, थोडी विश्रांती, पुन्हा जोरात) त्यांचा फारसा फायदा नाही. श्वास चढला की लक्ष शरीराकडेच जातं.

सोलापुरात विजापूर रोड, होटगी रोडवर पळताना उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. रस्ता डाव्या हाताला राहतो, म्हणून डावा कान उघडा ठेवा. पहाटे रस्ता रिकामा वाटतो, ट्रक तेव्हाच सुसाट असतात.

खरी अडचण सवय मोडण्याची. शर्यतीच्या चार आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात निम्मं अंतर गाण्याशिवाय, दुसऱ्यात फक्त शेवटची 15 मिनिटं गाणी, पुढचे दोन आठवडे फक्त वॉर्मअपला. गाणी सुटली की पहिले दोन किलोमीटर वेगाचा अंदाज चुकतो, बहुतेकजण जोरात सुटतात. त्यावर उपाय श्वासाचा: तीन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर. ही लय तुटायला लागली की वेग जास्त झाला समजा.

शर्यतीच्या सकाळी वॉर्मअपची 15 मिनिटं हवी ती गाणी ऐका. सुटण्याच्या किमान 10 मिनिटं आधी इअरफोन आणि मोबाईल बॅगेत टाकून बॅग जमा करा. शेवटच्या क्षणी रांग लागते, मग मोबाईल खिशातच राहतो.